हरवलेल्या वायरीचा माग

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात जुन्या घराच्या पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला गोणपाटाखाली अजूनही एखादी लुना निघते. पेडल मारले की मागचे चाक फिरते, इंजिन जाम झालेले नसते, टाकीत गंज असला तरी टाकी शाबूत असते. घरातला नातू ठरवतो, आजोबांची गाडी चालू करायची. गोणपाट बाजूला सारल्यावर मात्र पहिलीच अडचण हातात येते. हँडलचे लिव्हर नुसते लोंबकळतात, उजवी मूठ गरागरा फिरते, कार्ब्युरेटरच्या डोक्यावरचे भोक उघडे आहे आणि मागच्या चाकापाशी एक लोखंडी दांडी कशालाच जोडलेली नाही. वायरी गेलेल्या आहेत. कधी रंगकामाच्या वेळी काढून ठेवल्या आणि परत बसल्याच नाहीत, कधी गंजून तुटल्या. कशी कुठे जोडणी होती हे सांगणारा माणूसही बहुतेक वेळा उरलेला नसतो.

लुना १९७२ साली आली. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडवर बेतलेली ही पन्नास सीसीची गाडी कायनेटिक इंजिनिअरिंगने काढली आणि सायकलवरच्या शिक्षकांना, दूधवाल्यांना, तंबाखूच्या वखारीतल्या दिवाणजींना पहिल्यांदा इंजिनाची गाडी परवडली. पुढे तिच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या, की एकीची वायर दुसरीला बरोबर बसेलच असे नाही. दुकानात जाऊन 'लुनाची वायर द्या' म्हटले की दुकानदार विचारतो, 'कुठली? किती लांब? मणी कसला?' प्रश्न रास्त आहेत. आणि त्यांची उत्तरे गाडीपाशीच असतात. वायर हरवली तरी ती जिथे टेकत होती, जिथून ओढत होती, जिथे घासत होती त्या जागा हरवलेल्या नसतात. त्या वाचता आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी आधी वायर काम कसे करते ते नीट कळायला हवे.

ओढणारी वायर, ढकलणारे कव्हर

बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान सुरू केले, त्याची ती आठवण. त्या काळच्या सायकलींचे ब्रेक दांडीवर चालत. जाड हँडलच्या काळ्या सायकलींना असलेले सळईचे ब्रेक आपण कालपरवापर्यंत पाहिले. सळईचा गुण असा, की ती ओढताही येते आणि ढकलताही येते. दोष असा, की ती वाकत नाही. हँडल डावीउजवीकडे वळते, पुढचा चिमटा खड्ड्यात वरखाली होतो, इंजिन थरथरते. अशा जागी सरळ सळई नेणे म्हणजे प्रत्येक वळणावर सांधा आणि प्रत्येक सांध्यावर खडखडाट.

यावरचा तोडगा अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी काढला. १८९६ साली त्यांनी ब्रिटनमध्ये त्याचे पेटंट घेतले. कल्पना साधी आहे: एक बारीक, पिळाची पोलादी वायर आणि तिच्यावर पोकळ, वाकणारे पण दबले न जाणारे कव्हर.

पायजम्याची नाडी आठवा. नाडी नेफ्यातून जाते. नाडीचे टोक ओढले की नेफ्याचे कापड गोळा होते, त्याला चुण्या पडतात. म्हणजे नाडी ओढताना नेफा उलट बाजूने दाबला जात असतो. आता समजा, तो नेफा कापडाचा नसून वाकणाऱ्या पण न दबणाऱ्या नळीचा आहे आणि त्याची दोन्ही तोंडे घट्ट टेकवलेली आहेत. चुण्या पडायला जागाच नाही. मग एका टोकाला नाडी एक सेंटिमीटर ओढली की दुसऱ्या टोकाला ती तेवढीच आत सरकते, मधे नळी कितीही वळणे घेऊन गेलेली असो.

गाडीचे कव्हर म्हणजे ही न दबणारी नळी. वरचे प्लॅस्टिक सोलून पाहिले तर आत पोलादी तारेचे वेटोळे दिसते. वेढ्याला वेढा टेकलेला असतो, म्हणून लांबीच्या दिशेने ते दबत नाही. पण कडेला वाकते. कव्हर कुठे मुडपले आणि वेढे फाकले, की ब्रेक दाबताना आधी ते फाकलेले वेढे मिटतात आणि मग कुठे ब्रेक लागतो. लिव्हर स्पंजासारखा मऊ लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, आणि लोक उगाच ब्रेकचे लायनर बदलत बसतात.

यातून निघणारी गोष्ट हाच सगळ्या शोधाचा पाया आहे. वायर जेवढ्या जोराने ओढते तेवढ्याच जोराने कव्हर उलट ढकलते. लिव्हरच्या खिळ्यापासून बोटे साधारण दहा सेंटिमीटरवर आणि वायरीचे टोक अडीच सेंटिमीटरवर असेल तर जोर चौपट होतो. बोटांनी दहा किलोचा दाब दिला की वायरीत चाळीस किलोचा ताण येतो. त्याच क्षणी कव्हरची दोन्ही टोके आपापल्या जागी चाळीस किलोने रेटत असतात. म्हणून जिथे वायर ओढते तिथे जवळच, तो रेटा सोसणारी एक भक्कम, न हलणारी जागा असलीच पाहिजे. तिला या लेखापुरते 'बैठक' म्हणू. बैठक सापडली नाही तर समजावे, की तीच हरवली आहे.

वायरीला ढकलता येत नाही

वायर फक्त ओढू शकते. मग लिव्हर सोडल्यावर सगळे मागे कसे येते? दोनच उपाय आहेत: एक तर पलीकडे स्प्रिंग हवी, नाही तर उलट ओढणारी दुसरी वायर हवी. अनोळखी गाडीपुढे बसल्यावर मी पहिल्यांदा हेच पाहतो. हलणारी दांडी बोटाने हलवून सोडायची. ती आपोआप परत आली तर तिच्यासाठी एक वायर. जिथे ठेवली तिथेच राहिली तर दोन वायरी होत्या, किंवा तिची स्प्रिंगही गेली आहे.

दोन वायरींचे ओळखीचे उदाहरण म्हणजे बजाज चेतक. डावी मूठ फिरवून गिअर बदलतात. वरच्या गिअरकडे नेणारी एक वायर, खालच्याकडे आणणारी दुसरी. दोन्ही एकाच तबकडीला दोन बाजूंनी ओढतात. त्यांची अदलाबदल झाली तर मूठ वर फिरवल्यावर गिअर खाली पडतो. त्यात बिघाड काही नसतो, जोडणी उलटी झालेली असते इतकेच.

स्प्रिंग कुठल्या बाजूला लावली आहे यातही विचार असतो. कार्ब्युरेटरमध्ये हवा-पेट्रोलची वाट उघडझाप करणारा एक सरकता दट्ट्या असतो. त्याच्या डोक्यावरची स्प्रिंग त्याला सतत खाली दाबते. वायर तुटली तर दट्ट्या बंद होतो आणि इंजिन मंदावते. क्लचची वायर तुटली तर क्लच जोडलेलाच राहतो. वायर गेली तर गाडी आपसूक सुरक्षित बाजूला जावी, असा हेतू. ब्रेकला मात्र हे जमत नाही, तिथे वायर गेली की ब्रेक गेला. म्हणून पुढचा आणि मागचा ब्रेक एकमेकांवर अवलंबून ठेवत नाहीत.

किती वायरी शोधायच्या हे गाडीगणिक बदलते. लुनाला हातातला क्लच नाही. इंजिनाचा वेग वाढला की क्लच आपोआप धरतो. त्यामुळे दोन ब्रेक, एक ॲक्सिलेटर, झालेच तर चोक, एवढ्यावर भागते. म्हैसूरला बनलेल्या जावा-येझ्दीला क्लचची वायर असते, पण गिअरचा दांडा पायाने दाबतानाही क्लच सुटतो. म्हणून क्लचपाशी दोन वाटांनी येणारी हालचाल दिसली तर गोंधळून जाऊ नये.

सगळ्यांत जास्त कोड्यात टाकते ती डीकम्प्रेशनची वायर. जुन्या बुलेट साडेतीनशेच्या डाव्या हाताशी एक छोटा लिव्हर असतो. त्याची वायर सिलिंडरच्या डोक्यावरच्या लहानशा झडपेकडे जाते. झडप उघडली की सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा थोडी निसटते आणि किकचा दांडा अडत नाही. पिस्टन योग्य जागी आणायचा, झडप सोडायची आणि मग किक मारायची. काही मोपेडांनाही अशी झडप असे, कारण पेडल मारून इंजिन चालू करताना हवेचा दाब पायांना पेलत नाही. वायर गेली की ती झडप डोक्यावर एकाकी दिसते आणि कुणीतरी तिथे बोल्ट ठोकून बंद करून टाकते. सिलिंडरच्या डोक्यावर स्पार्क प्लगखेरीज आणखी एखादे बुजवलेले भोक दिसले आणि हँडलवर एखाद्या लिव्हरची जागा रिकामी असली, तर आधी ही शंका घ्यावी.

चार टोके, चार जागा

प्रत्येक वायरीला चार टोके असतात: आतल्या वायरीची दोन आणि कव्हरची दोन. वायरीचे एक टोक लिव्हरमध्ये, दुसरे हलणाऱ्या दांडीत. कव्हरचे एक टोक लिव्हरच्या घरात, दुसरे दांडीजवळच्या बैठकीत. या चारही जागा गाडीवर बोट ठेवून दाखवता आल्या पाहिजेत. तीन सापडल्या आणि चौथी सापडेना, तर हरवलेला भाग नेमका कुठे आहे ते कळले.

बैठक ओळखायची खूण म्हणजे पायरीचे भोक. एका बाजूने ते रुंद असते, कारण तिथे कव्हर शिरते. दुसऱ्या बाजूने बारीक, कारण पुढे फक्त वायर जाते. रुंद तोंड ज्या बाजूला, तिकडून कव्हर येत होते. खडू घेऊन तिथे बाण काढावा. भोक आरपार एकाच मापाचे आणि आत आटे असले तर तिथे ॲडजस्टर होता, म्हणजे मधून पोकळ असा स्क्रू, जो फिरवून कव्हरची बैठक पुढेमागे करतात. आटे नाहीत आणि पायरीही नाही, तर तिथे कव्हरच्या टोकाला धातूची टोपी असायची. ही टोपी क्षुल्लक वाटते. पण ती नसेल तर कव्हरची उघडी तार भोकात घुसते, चाळीस किलोचा रेटा तिला आत ढकलत राहतो आणि ब्रेक आठवड्याला ढिला पडतो.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. काही गाड्यांच्या पुढच्या ब्रेकला वायरीचे टोक एका दांडीत आणि कव्हरचे टोक दुसऱ्या दांडीत असते. वायर एकीला ओढते आणि कव्हर दुसरीला ढकलते. अशा जागी स्थिर बैठक शोधत बसले तर दिवस जाईल. ओढणारे आणि ढकलणारे असे जोडपे पुरे आहे का, एवढेच पाहायचे.

मग येते वाट. वायर फ्रेमच्या कुठल्या बाजूने गेली होती? इथे कापडाने घाईघाईत पुसणे हे सर्वांत मोठे नुकसान. मळ काढण्याआधी फ्रेमवर बॅटरी तिरकी धरून पाहावी. जिथे कव्हर वर्षानुवर्षे घासले तिथे रंग गुळगुळीत होऊन खालचा थर किंवा उघडे लोखंड दिसते. जिथे ते क्लिपने बांधले होते तिथे धुळीची आडवी रेघ आणि तिच्याखाली ताज्यासारखा रंग असतो. हँडलच्या मानेजवळ अशी घासण बहुधा मिळतेच, कारण हँडल वळताना कव्हर तिथे सरकत असते.

मुठीच्या आतला तुकडा

हरवलेल्या भागांत एक असा आहे, की तो होता हेच कुणाला माहीत नसते. मूठ गरागरा फिरते आणि काहीच ओढले जात नाही, तेव्हा मूठ उतरवून आत पाहावे.

ॲक्सिलेटरच्या मुठी दोन तऱ्हेच्या असतात. पहिलीत मुठीच्या नळीला एक छोटी गिरकी असते आणि वायर तिच्यावर गुंडाळली जाते. या गिरकीचा व्यास वीस मिलिमीटर असेल तर पाव फेऱ्यात सुमारे सोळा मिलिमीटर वायर ओढली जाते. दुसऱ्या तऱ्हेत गिरकी नसते. हँडलच्या पाइपला उजव्या टोकाशी लांबट खाच पाडलेली असते, आणि मुठीच्या नळीच्या आतल्या अंगाला तिरकी, मळसूत्रासारखी चढत जाणारी खोबण असते. या दोघांच्या मध्ये एक बोटाच्या पेराएवढा तुकडा बसतो. त्याचे धड पाइपच्या आत, मान खाचेत आणि डोके मुठीच्या खोबणीत. खाच त्याला फिरू देत नाही. त्यामुळे मूठ फिरली की तिरकी खोबण त्याला पाइपच्या लांबीत सरकवते. वायरीचे टोक या तुकड्यात अडकलेले असते. हाच तुकडा मूठ उतरवताना टुणकन उडतो आणि गॅरेजच्या जमिनीवर कायमचा नाहीसा होतो.

त्याचे प्रत्येक माप उरलेल्या भागांवर लिहिलेले असते. खाचेच्या रुंदीतून दोन-तीन दशांश मिलिमीटर वजा केले की मानेची जाडी मिळते. खोबणीच्या रुंदीवरून डोक्याचा आकार, खोबणीच्या खोलीवरून डोक्याची उंची. पाइपच्या आतल्या व्यासावरून धडाची जाडी. राहिली लांबी. तीच खरी अवघड, कारण तिच्यावर ॲक्सिलेटर किती उघडणार ते ठरते.

ती अशी काढायची. कार्ब्युरेटरच्या दट्ट्याला तळापासून माथ्यापर्यंत किती सरकायचे आहे ते मोजावे. मोपेडच्या छोट्या कार्ब्युरेटरला हे अंतर साधारण बारा मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात दोनएक मिलिमीटरची ढिलाई मिळवावी, म्हणजे चौदा. आता समजा, पाइपची खाच सव्वीस मिलिमीटर लांब आहे. तुकड्याला खाचेत चौदा मिलिमीटर सरकायला मिळाले पाहिजेत, म्हणून त्याची मान बारा मिलिमीटर लांब. ती वीस केली तर सहाच मिलिमीटर सरकेल आणि गाडी अर्ध्याहूनही कमी गॅसवर चालेल. ताळा मुठीच्या खोबणीवरून घ्यावा. मूठ जितकी फिरू शकते तितक्या फेऱ्यात खोबण पाइपच्या लांबीत किती पुढे जाते ते मोजावे. तेही चौदाच्या जवळपास आले तर हिशेब बरोबर. फारच वेगळे आले तर मूठ दुसऱ्या गाडीची आहे.

आणखी एक पाहावे: मूठ आपल्या अंगाकडे फिरवल्यावर तुकडा हँडलच्या बाहेरच्या टोकाकडे सरकला पाहिजे, तरच वायर ओढली जाईल. उलटा सरकत असेल तर डाव्या हाताची नळी उजवीकडे बसवलेली आहे.

असा तुकडा पितळेत उत्तम होतो. पितळ लोखंडी पाइपवर अडकत नाही, कानशीने सहज घासले जाते आणि खोबणीला खात नाही. धीर असलेला माणूस तो हातानेही घडवतो. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे आणि लेथचे कारखाने शेजारीशेजारी आहेत, आणि निपाणीच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूरचे उद्यमनगर आहे. निपाणीचा माणूस या दोन्हींच्या मध्ये राहतो. मापाचे चित्र कागदावर नीट काढून नेले तर एवढे काम करून देणारा कारागीर या पट्ट्यात मिळतो. चित्राशिवाय गेले तर तोही काही करू शकत नाही.

> चौकट: नवी वायर करायला देण्यापूर्वी
>
> कव्हरची लांबी : बैठकीपासून बैठकीपर्यंत, ठरलेल्या वाटेने सुतळी लावून. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि जास्त भरेल ते माप घ्यावे.
>
> उघडी वायर : कव्हर सोडून दोन्ही टोकांना मिळून किती वायर बाहेर राहते. ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवून हे माप घ्यावे, म्हणजे पुढे वायर ताणली तर आवळायला जागा राहते.
>
> टोकाचा मणी : गोल, नळकांडी की नासपतीच्या आकाराचा, व्यास आणि लांबी किती.
>
> वायरीची जाडी : ॲक्सिलेटरला साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर, मोपेडच्या ब्रेकला दीड ते दोन.
>
> ॲडजस्टरचे आटे : व्यास आणि आट्यांतले अंतर.

या मापांत दुसरे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच लोक घेत नाहीत. कव्हर दोन सेंटिमीटर लांब झाले तर वाट थोडी ढिली पडते, काम अडत नाही. उघडी वायर मात्र एक सेंटिमीटर कमी पडली तर ब्रेक सतत घासत राहतो, आणि एक सेंटिमीटर जास्त झाली तर ॲडजस्टर पूर्ण बाहेर काढूनही लिव्हर मुठीला टेकतो.

ब्रेकच्या दांडीचा कोनही याच वेळी ठरवावा. ब्रेक लागतो त्या क्षणी वायर आणि दांडी यांच्यात काटकोन असावा. काटकोनापासून पंचेचाळीस अंश ढळला तर वायरीच्या ताणातला ७१ टक्केच उपयोगी पडतो. ही दांडी दात्यांवर बसत असेल तर एखादा दाता पुढेमागे करून पाहावा; आधीच्या कुणीतरी तो चुकवलेला असू शकतो.

वळणांची किंमत

वायर कव्हरमधून सरकताना वळणावर कडेला घासते आणि तिथे ताण खर्च होतो. किती खर्च होतो हे कव्हरच्या लांबीपेक्षा एकूण वळणावर अवलंबून असते. नव्वद अंश डावीकडे आणि नव्वद अंश उजवीकडे वळले तर ती वळणे एकमेकांना खात नाहीत. बेरीज एकशेऐंशी होते. कोरड्या, किंचित गंजलेल्या वायरीचा घर्षणांक ०.२ धरला, म्हणजे कडेवर जेवढा दाब त्याच्या पाचव्या भागाइतका अडथळा धरला, तर एकशेऐंशी अंशांच्या वळणानंतर पलीकडे जेमतेम ५३ टक्के ताण पोहोचतो. घर्षणांक ०.१ वर आणला तर ७३ टक्के. नायलॉनचे अस्तर असलेले कव्हर किंवा आत सोडलेले पातळ तेल इतका फरक पाडते.

म्हणून जुनी वाट सापडली तर तीच ठेवावी. कारखान्यात ती पुष्कळ विचाराने ठरवलेली असते. वायर वेगळ्या बाजूने नेली, दोन वळणे वाढली आणि लिव्हर जड झाला, की लोक इंजिनाला किंवा ब्रेकला दोष देतात. ॲक्सिलेटरची वाट तपासायची एक सोपी रीत आहे. गाडी स्टँडवर लावून इंजिन मंद चालू ठेवावे आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. इंजिनाचा आवाज वाढला तर कव्हर आखूड आहे किंवा कुठेतरी अडते आहे. ही गाडी रस्त्यावर नेऊ नये. वळणावर ती आपणहून धावेल.

हँडलकडून खाली जाणारी एक वायर या सगळ्या नियमांत बसत नाही. ती म्हणजे स्पीडोमीटरची. तिच्या टोकाला मणी नसतो, चौकोनी टोक असते, कारण ती ओढत नाही तर कव्हरच्या आत गोल फिरते. सुट्या भागांच्या डब्यात असे टोक दिसले की ती बाजूला ठेवावी. ब्रेकला लावायचा प्रयत्न करू नये.

मणी आणि डाग

वायरीच्या टोकाचा मणी, ज्याला गॅरेजात निपल म्हणतात, हा सगळ्या ताणाचा भार घेतो. तो नुसता डाग देऊन चिकटवलेला नसतो. मण्याच्या भोकाचे बाहेरचे तोंड शंकूसारखे रुंद केलेले असते. वायर आतून घालतात, तिच्या टोकाच्या बारीक तारा फुलासारख्या फाकवतात, त्या शंकूत बसवतात आणि मग कथील-शिशाचा डाग आत मुरवतात. ओढताना फाकलेल्या तारांची पाचर शंकूत घट्ट होत जाते. डाग फक्त त्यांना एकत्र धरून ठेवतो. सरळ तार घालून वरून डाग दिलेला मणी पहिल्या जोराच्या ब्रेकला निसटू शकतो. उष्णताही बेताची हवी. तार लालभडक तापली तर तिचा कणखरपणा जातो. डाग देताना वापरलेले आम्ल धुऊन टाकले पाहिजे, नाही तर ते आतून वायर खाते.

मणी लिव्हरमध्ये फिरता राहिला पाहिजे. तो गंजून बसला तर लिव्हर दाबताना वायर दरवेळी मण्याच्या मुळाशी वाकते आणि तिथेच एकेक तार तुटत जाते. तुटलेली जुनी वायर मिळाली आणि ती मण्याच्या अगदी मुळाशी तुटलेली असली, तर दोष वायरीचा नव्हता, लिव्हरचा होता. नवी वायर घालण्याआधी ते भोक साफ करून तेल द्यावे.

सायकलच्या दुकानात स्क्रूने आवळायचे मणी मिळतात. रस्त्यात अडकल्यावर ॲक्सिलेटरला तो लावून घरी येता येते. ब्रेकला तो लावू नये, याबाबत माझे मत ठाम आहे. स्क्रू वायरीच्या मोजक्या तारांना चेपतो, त्या एकेक करून सुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदी घाट लागतो. महामार्गावरच्या मालट्रकांच्या गर्दीत, उतारावर पुढच्या ब्रेकचा मणी सुटला तर मागचा एकटा ब्रेक गाडी सावरेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

आट्यांची फसगत

ॲडजस्टर हरवला असेल तर दुसरा बसवताना आटे पाहावेत. लुना इटालियन घडणीची, म्हणून तिचे आटे मेट्रिक. बुलेट मूळची इंग्रजी. १९५५ पासून मद्रासेत बनू लागली तरी जुन्या गाड्यांत इंच मापाचे, इंचाला २६ आट्यांचे स्क्रू पुष्कळ आहेत. पाव इंची स्क्रूचा व्यास ६.३५ मिलिमीटर, मेट्रिक स्क्रूचा ६. आट्यांतले अंतर जवळजवळ सारखेच, ०.९८ आणि १ मिलिमीटर. म्हणून मेट्रिक स्क्रू इंची भोकात सहज जातो, बसल्यासारखाही वाटतो. पण तो फक्त आट्यांच्या शेंड्यांवर टेकलेला असतो आणि ताण आला की सोलून निघतो. नवा ॲडजस्टर भोकात डुगडुगला तर तो आपला नव्हे, एवढे समजून घ्यावे. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून तो घट्ट करण्यात काही अर्थ नाही.

खासगी दुचाकीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण करावे लागते, ते पाच वर्षांसाठी मिळते. गाडीवर केए २३ असो वा एमएच ०९, त्या वेळी तिचे ब्रेक चालले पाहिजेत. जुनी गाडी रस्त्यावर आणायची असेल तर सुरुवात रंगापासून आणि क्रोमपासून न करता वायरींपासून करावी.

ज्यांच्या घरी अशी गाडी अजून पुरी आहे त्यांना एक विनंती. ती सोडवण्याआधी हँडल, कार्ब्युरेटर आणि दोन्ही ब्रेकपाशी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा आणि गंजलेली, तुटलेली वायरही टाकून देऊ नका. नवी वायर करणाऱ्याला तिच्याइतके अचूक माप दुसरे कुठेच मिळत नाही.